हरवलेल्या डब्यातला शेवट

लंबासा, फिजी
३ जून २००८

प्रिय मुनसामी,

परिमलाचं पत्र पोचलं. पोरीचं अक्षर हुबेहूब तुझ्या वळणाचं आहे. पाकीट हातात आलं तेव्हा क्षणभर वाटलं, तूच लिहिलंस. अंगणात खुर्ची ओढली, चष्मा पुसला, मग फोडलं. 'बिसेसर काका, बाबा म्हणतात, पत्रिकेचा इतिहास अवश्य लिहा, पण त्यात माझं नाव कुठेही येता कामा नये. याहून जास्त ते काही बोलत नाहीत.'

तू सुव्याला गेलास, तिथून सत्तापालटाच्या साली मेलबर्नला, आणि इतक्या वर्षांत तुझ्याकडून आलेला हा पहिला निरोप. आनंद मानावा की राग धरावा, हे माझं अजून ठरलेलं नाही.

इथल्या वाचनालयाचे लोक आपल्या जुन्या 'पर्दा-पत्रिका' मासिकावर एक पुस्तिका काढताहेत. अध्यक्ष माझाच जुना विद्यार्थी. मला म्हणाला, 'मास्टरजी, जरा लवकर लिहा. तुम्ही गेलात की सगळं तुमच्याबरोबर जाईल.' म्हातारपणी माणसाचा असा मान राखतात बघ. साखर कारखान्याचा भोंगा पुन्हा वाजू लागलाय, हवेला मळीचा वास आलाय. गाळप संपायच्या आत मजकूर छापायला द्यायचा आहे.

तुझ्या शब्दाला मान देऊन मी तुझ्यावाचून लिहून पाहिलं. जिथे तू होतास तिथे 'एका मित्राने' असं घातलं. पत्रिकेचं नाव एका मित्राने सुचवलं, मुखपृष्ठ एका मित्राने काढलं, टॉकीजमधलं वाचन एका मित्राने सुरू केलं. सुखरानी हल्ली माझ्याकडेच असते, तिची लेक प्रेमलता नर्स होऊन ऑकलंडला गेल्यापासून. तिने कागद वाचला आणि विचारलं, "भैया, हा मित्र आहे की भूत?"

तुला नाव का नको, ते मला ठाऊक आहे. तू परिमलाला सांगितलं नसशील, पण मला सांगायची गरज नाही. माझ्या बहिणीचा, सुखरानीचा संसार तुझ्या लेखणीने मोडला, असं तुझ्या मनाने घेतलंय. माझ्या वडिलांनी ते तुला भरबाजारात सुनावलं, डालोच्या कंदांच्या ढिगाशेजारी, सगळं गाव ऐकत असताना. तू एका शब्दाने उत्तर दिलं नाहीस. पुढे आमच्या दारात आला नाहीस, आणि काही महिन्यांनी पत्रिकाही बंद पडली.

वडील जाऊन आता खूप काळ झाला. मी अजून आहे. तुझं नाव नसलेला इतिहास मी लिहिणार नाही, आणि तुझ्या मर्जीविरुद्ध नाव घालणारही नाही. म्हणजे तू 'हो' म्हटलं नाहीस तर पुस्तिकाच निघणार नाही. हा धाक नव्हे. दुसरा मार्ग मला दिसत नाही, एवढंच.

पत्राची वाट पाहणारा,
बिसेसर


लंबासा
१९ जून २००८

प्रिय मुनसामी,

उत्तर नाही. ठीक आहे. मी शाळेत चाळीस-चाळीस गप्प पोरांना कविता शिकवल्या आहेत, उत्तर न देणाऱ्यांची मला सवय आहे.

मसुदा जसा होतो आहे तसा पाठवतो. चुकलं असेल तिथे काट मार. तेवढ्यासाठी तरी पेन हातात घेशील.

*आपल्या गावात हिंदी सिनेमा सर्वांत शेवटी यायचा. सुवा, नांदी, लौतोका, बा, सगळीकडे फिरून मग बोटीने आमच्या बेटावर. तोवर त्याची दशा सात घरी राबून आलेल्या मोलकरणीसारखी झालेली असे. रीळ जिथे तुटे तिथे ऑपरेटर खराब भाग कापून पुढचं मागच्याला चिकटवी. नायक घोड्यावर चढे तो लगेच रुग्णालयात पडलेला दिसे. मधे काय झालं ते नशिबाला माहीत. 'पर्दा-पत्रिका' निघाली ती या एका दुःखातून. बाकी फिल्मी मासिकं नटनट्यांच्या भानगडी छापत. आमचं सगळ्यांत लोकप्रिय सदर होतं 'गळालेलं'. सुव्यातल्या वाचकांनी आधीच पाहिलेल्या सिनेमातले जे तुकडे आमच्यापर्यंत येणार नव्हते, ते त्यात शब्दांत लिहिलेले असत.*

शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर अंक निघायचा, हेडमास्तर डोळे मिटून घ्यायचे, कारण त्यांच्या बायकोला पहिला अंक लागायचा. हे मी छापणार नाही, पण तुला हसू यावं म्हणून लिहितो. आणि मुखपृष्ठं! तू स्टेन्सिलवर नटी कोणतीही कोरलीस तरी नाक अंगम्मा वहिनीचंच यायचं. एकदा एका वाचकाने सावुसावुहून लिहिलं होतं, 'मुंबईच्या सगळ्या नट्या बहिणी-बहिणी आहेत काय?'

मग तारा टॉकीजमधलं वाचन. रीळ उडी मारायचं तिथे मालक नटू सेठ दिवे लावायचे, तू पडद्याच्या बाजूला उभा राहायचास आणि 'गळालेलं' मधला तो तुकडा मोठ्याने वाचायचास. तुझा आवाज! मी वर्गात ओळी म्हणून दाखवायचो तेव्हा मागच्या बाकावरची मुलं पतंगाचा मांजा सुतवत बसायची. तू वाचायला लागलास की भुईमूग सोलायचं थांबायचं. लोक म्हणू लागले, 'आज सिनेमा चांगला तुटलाय, चला.'

आता तो दिवस. तो टाळून इतिहास होत नाही.

*'देहरी का दिया' या सिनेमाचे डबे मलाउच्या धक्क्यावर बोटीतून उतरवताना पाण्यात पडले. धक्क्यावरच्या हमाल विलिमोनीने बुड्या मारून एकेक वर काढले, शेवटच्या रिळाचा डबा मात्र खारफुटीच्या चिखलात गेला तो गेलाच.* शनिवारी दुपारचा खेळ, बायकांची गर्दी, तिकिटं संपलेली. नटू सेठ कपाळाला हात लावून म्हणाले, "पैसे परत करायची आमच्या घराण्यात रीत नाही. मुनसामी, शेवट आण." सुव्याहून शेवटाचं पत्र अजून आलेलं नव्हतं. लंबासात तो सिनेमा पाहिलेला माणूस नव्हता.

तू म्हणालास, "मास्टर, मी लिहितो."

मी म्हणालो, "तुला माहीत नाही शेवट काय आहे."

"बाईला छळलंय, घराबाहेर काढलंय, मुलगी कडेवर आहे. याच्यापुढे काय व्हायला पाहिजे ते मला माहीत आहे."

ऑपरेटरच्या खोलीच्या पायरीवर बसून तू ते लिहिलंस. नायिका गौरी शिवणयंत्रावर बसलेली. नवरा दारात येतो, म्हणतो आई आजारी आहे, घरी चल. ती यंत्र थांबवत नाही. म्हणते, "तुमच्या घरी मी दिवा लावायला आले होते, वात होऊन जळायला नाही." आणि मुलीला हाक मारते, 'बाळ, सुई ओवून दे.' संपलं.

पाठ्यपुस्तकातल्या कितीतरी कविता मला तोंडपाठ आहेत, पण ते ऐकून टॉकीजमध्ये जी शांतता पसरली तशी कुठल्याही कवितेनंतर ऐकली नाही. नंतर बायकांच्या बाजूने टाळ्या. पुरुष काकड्या खात बसले.

सुखरानी त्या बायकांत होती. वाइनिकोरोच्या सासरहून ती कधी आली ते आम्हाला माहीतच नव्हतं. खेळ सुटल्यावर गर्दीत दिसली, प्रेमलता खांद्यावर झोपलेली. घरी आणली. वडिलांनी विचारलं, 'नवरा कुठाय?' ती म्हणाली, 'मी परत जाणार नाही.' पुढचं तुला माहीत आहे. आठवड्याने सुव्याचं पत्र आलं. खऱ्या सिनेमात गौरी परत जाते, सासूची सेवा करते आणि उंबऱ्यावर नवऱ्याच्या पायाशी प्राण सोडते. मी ते पुढच्या अंकात छापलं. संपादकाचं काम असतं ते, त्याबद्दल इथे जास्त बोलत नाही.

एक गंमत सांगून थांबतो. गेल्या वर्षी बाजारात त्या सिनेमाची डीव्हीडी आली. टॅक्सीवाल्या जगरूपने विकत नेली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात आणून आपटली. "नकली माल विकता काय? शेवट कापलाय, बाईला मारून टाकलंय!" दुकानदार तरुण, त्याला काय कळणार. भोवती जमलेल्या म्हाताऱ्यांनी मात्र एकमुखाने साक्ष दिली की जगरूपचं बरोबर आहे. खरा शेवट आम्ही डोळ्यांनी पाहिलाय. डोळ्यांनी, मुनसामी. शिवणयंत्राचा रंगसुद्धा सांगत होते.

आणि तू म्हणतोस नाव नको.

तुझा,
बिसेसर


लंबासा
११ जुलै २००८

प्रिय मुनसामी,

हे पत्र बसून वाच. चहा समोर असेल तर आधी पिऊन घे.

काल दुपारी मी मसुदा सुखरानीला वाचून दाखवत होतो. ती मसूर निवडत होती. त्या शनिवारच्या भागाशी आलो तेव्हा माझा आवाज जरा अडखळला. वाटलं, तिला लागेल. गेली चाळीस वर्षं या घरात कुणी तो विषय काढला नाही. वडील हयात असताना काढायची सोयच नव्हती, आणि नंतर न काढायची सवय झाली.

तुझा शेवट संपला. सुईपर्यंत सगळं वाचलं. ती म्हणाली, "छान आहे. कुठल्या सिनेमातलं?"

मी म्हणालो, "कुठल्या म्हणजे? 'देहरी का दिया'. तू होतीस की."

"होते. पण हे नव्हतं त्यात."

"शेवटी. मुनसामीने वाचलं ते."

तिने एक खडा उचलून बाजूला टाकला. "शेवटी मी झोपले होते, भैया."

मी हातातला मसुदा खाली ठेवला.

"शेवटी काय, दिवे गेले तेव्हापासूनच. पहाटे निघाले होते ना. प्रेमलताला कडेवर घेऊन सडकेपर्यंत चालत, मग उसाच्या लॉरीत. इथे पोचले तर सावुसावुची बस संध्याकाळी. दिवसभर बसणार कुठे? बाजारात ओळखीचे, स्टँडवर ओळखीचे. तुमच्याकडे आले असते तर बापूंनी त्याच लॉरीत परत बसवलं असतं. तारा टॉकीजमध्ये अंधार असतो आणि बायकांच्या बाजूला पुरुष येत नाहीत. तिकीट काढलं, गाठोडं बाकाखाली सारलं, आणि अशी झोप लागली म्हणतोस! टाळ्या वाजल्या तेव्हा जाग आली. तोवर बस गेली होती."

"म्हणजे तू सिनेमा पाहून घर सोडलं नाहीस?"

"घर सोडून सिनेमाला गेले," ती म्हणाली. "मावशीकडे निघाले होते सावुसावुला. आठ दिवस आधी ठरवलं होतं."

मुनसामी, मी हसलो की रडलो ते मला सांगता येणार नाही. सुखरानी मात्र माझ्याकडे असं बघत होती, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं केलंय. मी विचारलं, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? बापू त्या सिनेमाच्या नावाने ओरडत होते, मुनसामीला बाजारात बोलले..."

"बोलले? मुनसामी भैयाला?" तिचा हात थांबला. "मला कुणी सांगितलं? मी तर तेव्हा घराबाहेर पडत नव्हते. मला वाटलं, त्याला सुव्याला छापखान्यात नोकरी लागली म्हणून गेला."

मग तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. "बापू पहिल्या दिवशी माझ्यावर हात उगारून आले होते. तेवढ्यात शेजारची मुनियम्मा म्हणाली, 'पोरीला काय बोलता, त्या सिनेमाने डोकं फिरवलंय सगळ्या बायकांचं, आमची सूनही टॉकीजमधून आल्यापासून दिवा-वात करतेय.' बापूंचा हात खाली आला. मग ते सिनेमालाच शिव्या घालायला लागले. म्हणाले, पोरीचा दोष नाही, चार दिवस राहू द्या, उतरेल डोक्यातलं. मी गप्प राहिले. ते चार दिवसांचे चार महिने झाले, मग मी शिवायची मशीन घेतली, मग कुणी काही म्हणेनासं झालं. सिनेमा बघून निघाले नाही असं सांगितलं असतं, तर मीच ठरवून निघाले असं झालं असतं. ठरवून निघालेल्या मुलीला त्या घरात जागा नव्हती. डोकं फिरलेलीला होती."

एवढं बोलून ती परत मसूर निवडायला लागली.

तुझ्या शेवटाने तिचा संसार मोडला नाही. तो आधीच मोडला होता, आणि ती त्यातून स्वतःच्या पायांनी चालत आली होती. तिने तुझा एक शब्द ऐकला नाही. पण बापूंचा हात ज्याने खाली आणला तो तुझाच कागद. आता हे मी इतिहासात कोणत्या भाषेत लिहू, ते तू सांग.

आज मला फार हलकं वाटतंय. सकाळी अंगणात आंब्याखाली उभा राहून मोठ्याने कविता म्हटली, शाळेत असताना पाठ केलेली, समुद्रावर गेलेल्या माणसाची. सुखरानी आतून म्हणाली, "कविराज, शेजाऱ्यांना झोपू द्या." मी थांबलो नाही.

तिचा निरोप: 'मुनसामी भैयाला माझा नमस्ते. त्याला माझ्यापायी बोलणी बसली हे मला माहीत असतं तर मी बापूंपुढे बोलले असते. थोडं उशिरा, पण बोलले असते.'

तुझा,
बिसेसर


लंबासा
२ ऑगस्ट २००८

प्रिय मुनसामी,

फोनवर बोलणं झालं असलं तरी हे लिहितोच. फोनवरचं राहत नाही, आणि माझ्या म्हाताऱ्या डोक्यावर माझा भरवसा नाही.

परवा फोन वाजला, परिमलाचा आवाज आला, 'काका, बाबांना बोलायचंय,' तेव्हा मी उगीच उभा राहिलो, हेडमास्तर वर्गात आल्यासारखा. केवढी तयारी केली होती मनात. आणि तू पहिलं वाक्य बोललास ते काय? "मास्टर, खरंच झोपली होती?"

"खरंच," मी म्हणालो.

"पूर्ण वेळ?"

"दिवे गेल्यापासून."

मला वाटलं, आता तू रडशील. मग तू म्हणालास, "अख्खं टॉकीज जागं होतं. माझ्या वाचनात आजवर कुणी झोपलेलं नाही." तो राग होता, मुनसामी, शुद्ध राग. तुझ्या तोंडून तो ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी खालीच बसलो. इतकी वर्षं तू दुःखी असशील या कल्पनेने मी खंगत होतो, आणि तू रागावलास ते लेखक म्हणून.

सुखरानीने फोन हिसकावून घेतला. तुमचं ते बोलणं मी एका बाजूनेच ऐकलं. "नमस्ते भैया... हो हो, थकले होते... नाही, कंटाळून नाही म्हणते ना... मग आता वाच. आता जागी आहे मी."

तू वाचलंस की पाठ म्हटलंस, ते मला माहीत नाही. कागद तुझ्याजवळ अजून असेल असं वाटत नाही. ती पाटावर बसून ऐकत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मी स्वयंपाकघरात जाऊन यंगोनाची पूड पाण्यात घोळायला बसलो, घरात पाहुणा आल्यासारखा. कान मात्र इकडे. तिकडे तू संपवलं असावंस, कारण ती म्हणाली, "शहाणी बाई होती."

मग म्हणाली, "आणि मग?"

तू काहीतरी म्हणालास.

"शेवट झाला तो सिनेमाचा. त्या मुलीचं काय झालं? सुई ओवून देणारीचं. शिकली का? आईने एकटीने वाढवलेल्या पोरीला लोक काय काय बोलतात, ते कसं काढलं तिने?"

मी वाडगं हातात घेऊन दारात येऊन उभा राहिलो. तुझ्या चाळीस वर्षांपूर्वीच्या कागदात त्या मुलीला फक्त एक हाक होती. भिंतीवर प्रेमलताचा नर्सच्या पोशाखातला फोटो आहे, सुखरानी त्याच्याकडे बघत होती.

आणि मग फोनमधून तुझा आवाज ऐकू येऊ लागला. शब्द कळत नव्हते, पण चाल ओळखीची होती. टॉकीजमध्ये दिवे लागल्यावरची. सुखरानी मधेच म्हणायची, "नाही नाही, शाळा लांब होती, बसने जायची," आणि तू तसं बदलून घेत असावास, कारण ती मान डोलवायची. एकदा हसली. एकदा डोळे पुसले आणि म्हणाली, "हां, असंच झालं." परिमला म्हणते, तिकडे तू सोफ्यावरून उठून उभा राहून सांगत होतास.

शेवटी फोन माझ्याकडे आला तेव्हा तुझा घसा बसला होता. तू म्हणालास, "घाल नाव. पण हेही घाल की ती झोपली होती. लोकांना कळू दे, समीक्षक कसे असतात ते."

घातलं. आज सकाळी मजकूर छापखान्यात देऊन आलो. पहिल्याच ओळीत तू आहेस: 'पर्दा-पत्रिका मुनसामी गौंडर आणि बिसेसर प्रसाद यांनी सुरू केली.' तुझं नाव आधी घातलंय. सुखरानी म्हणाली तसं.

'गळालेलं' सदर अजून चालू असल्यासारखं तिने तुला त्या सुई ओवणाऱ्या मुलीच्या लग्नाचं विचारायचं ठेवलंय. रविवारी सकाळी घरी असशील ना? ती आतापासून फोनजवळची खुर्ची अडवून बसते.

तुझाच,
बिसेसर